'नसेल' आणि 'नसेलही'

शेजारची मुलगी संध्याकाळी इंग्रजीचे पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर येते. परवा धडा होता शक्यता दाखवणाऱ्या क्रियापदांचा. मी सांगत होतो, "मस्ट बी म्हणजे असलाच पाहिजे, मे बी म्हणजे असेल, माइट बी म्हणजे असेलही, पण भरवसा थोडा." तिने विचारले, "मग मस्टच्या उलट मस्ट नॉट ना?" म्हटले, "नाही, ती झाली मनाई. तर्काने बोलताना मस्टच्या उलट कान्ट : असणे शक्यच नाही. आणि मे नॉट म्हणजे नसेलही, अर्थात असेलही."

तिने ते वहीत उतरवून घेतले. मला मात्र गेल्या हिवाळ्यातली एक रात्र आठवली.

कुकडीचे पाणी कालव्यांनी फिरले, तसा आमच्या पिंपळवंडीच्या शिवारात ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या त्या उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली. तिथेच पिल्ले होतात आणि तोडणीच्या वेळी सापडतात. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. त्या रात्री शेजारचे अण्णा बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघाले होते. जाता जाता त्यांनी विचारले, "काय गुरुजी, असेल का हो आज उसात?" पुस्तकातून मान वर न करता मी म्हणालो, "नसेल."

तासाभरात ते धापा टाकीत परत आले. मागून चालणारे त्यांचे कुत्रे बिबट्याने दहा हातांवरून उचलून नेले होते. अण्णांना ओरखडाही नव्हता. पाणी पिऊन ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही नसेल म्हणालात, म्हणून पोराला उठवलं नाही."

मी खोटे बोललो होतो काय? व्याकरण म्हणेल, नाही. 'नसेल' हा नुसता अंदाज. माझ्या तोंडी मे नॉट होते, त्यांच्या कानी कान्ट पडले. पण हा बचाव मलाच पटत नाही. खरे तर माझ्याजवळ अंदाजही नव्हता. त्यांना धीर द्यावा आणि आपले वाचन पुढे चालावे, एवढीच इच्छा होती. इच्छेने अंदाजाचे कपडे घातले होते. दोष मराठीलाही देता येत नाही. तिने 'ही' हे एक अक्षर माझ्या हाताशी ठेवलेच होते.

मोठ्या कारभारातही असेच घडते. वस्तीजवळ पकडलेला बिबट्या दूरच्या रानात सोडला की धोका टळेल, असे मानले जाई. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात असे बिबटे सोडण्यात आले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ झाले, असे अभ्यासकांना आढळले. 'टळेलही' म्हणून थोडे थांबणे तेव्हा शहाणपणाचे ठरले असते.

तर मग प्रत्येक प्रश्नाला 'असेलही' म्हणावे काय? तेही प्रामाणिक नव्हे. असे बोलणारा कधी चुकत नाही, पण कोणाच्या उपयोगीही पडत नाही. तो फक्त स्वतःला वाचवतो. उसाला पाणी तर द्यायचेच असते. मला वाटते, शक्यता सांगणाऱ्याने आपण ती कशावरून सांगतो हेही सांगावे, आणि ती खरी ठरली तर तिचा भार कोणावर पडेल याचा विचार करावा. मी ओट्यावर होतो. अंधारात अण्णा जाणार होते. चुकण्याची किंमत दुसरा देणार असेल, तेव्हा 'नसेल' हा शब्द फार जपून वापरला पाहिजे.

मुलीची वही मिटेपर्यंत अंधार पडला. रस्त्यावरून अण्णांची हाक आली, "गुरुजी, निघालो हो पाण्यावर. असेल का आज?"

"असेलही," मी म्हणालो. "परवाच ओढ्याकडे पाऊल उमटलेलं पाहिलं मी. पोराला घ्या बरोबर. आणि थांबा जरा, चपला घालतो, मीही येतो."