गाऱ्हाणे, कबुली आणि आशा: स्तोत्रसंहितेच्या वाचनाविषयी

अंधेरीच्या पूर्वेला, सीप्झच्या कुंपणाच्या आत, एका जुन्या चर्चचे भग्नावशेष उभे आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या नावाचे हे चर्च जेझुइट धर्मगुरूंनी 1579 मध्ये उभारले. 1840 मध्ये साथीच्या रोगाने तेथील वस्ती उठली, धर्मग्राम जवळच मरोळला हलले आणि मूळ वास्तू ओस पडली. 1973 मध्ये तिच्याभोवती निर्यातीचे औद्योगिक क्षेत्र आले. एरवी कारखान्यांच्या पहाऱ्यात असलेल्या या भिंतींपाशी वर्षातून एकदा, मे महिन्यात, मिस्सा होते.

त्या साथीत ज्या घरांतून माणसे गेली तेथे कोणते शब्द उच्चारले गेले असतील? घरच्यांनी आपल्या बोलीत जो आकांत केला तो कोणी नोंदवून ठेवलेला नाही. विधीने नेमून दिलेले शब्द मात्र ठाऊक आहेत. 1614 च्या रोमन विधिग्रंथाप्रमाणे मृताच्या घरी धर्मगुरूने ‘दे प्रोफुन्दिस’ हे स्तोत्र म्हणावयाचे आणि शव चर्चकडे नेताना ‘मिझेरेरे’ या स्तोत्राने आरंभ करावयाचा असे. हिब्रू गणनेनुसार ही अनुक्रमे 130 वे व 51 वे स्तोत्र. दोन्ही लॅटिनमध्ये, आणि दोन्ही पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांपैकी. 51 व्या स्तोत्राचे शीर्षक त्याचा प्रसंग सांगते: दाविदाने बथशेबेचा अपहार केला, तिच्या नवऱ्याला रणात मारविले, आणि नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याचे पाप ठेवले. एका राजाच्या व्यभिचाराची व हत्येची कबुली साथीत मेलेल्या भातशेतकऱ्याच्या शवापुढे म्हटली जात होती. ज्यांना लॅटिन समजत नव्हते त्यांना ही विसंगती जाणवण्याचे कारण नव्हते. पण विधी शब्दार्थापलीकडेही अर्थ पोचवीत असतो. येथे पोचलेला अर्थ असा की, दुःख आले म्हणजे अपराध घडला असला पाहिजे.

स्तोत्रसंहितेतून दुःखितांना श्रद्धा आणि आशा मिळते असे सर्रास सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु कोणत्या स्तोत्रांतून, आणि कशा प्रकारची आशा, हा प्रश्न क्वचितच पुढे नेला जातो. तो निव्वळ भाविकांचा प्रश्न नाही. एखाद्या संहितेतील कोणता आवाज परंपरा ऐकू देते आणि कोणता दाबून ठेवते, हा समीक्षेचाही प्रश्न आहे.

येथे पहिली अडचण नावाचीच आहे. ‘स्तोत्र’ या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात स्तुतीची अपेक्षा निर्माण होते: नामावळी, गुणवर्णन, शेवटी फलश्रुती. कोकणातून मुंबईत आलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाला हा ग्रंथ ज्या हिब्रू नावाने परिचित आहे त्या ‘तहिल्लीम’चाही अर्थ स्तुतिगीते असाच होतो. प्रत्यक्षात मात्र 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक तक्रारीची आहेत. हेरमान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्तोत्रांचे रचनाप्रकारांनुसार वर्गीकरण केले, तेव्हा ‘व्यक्तीचा विलाप’ हा प्रकार त्याला संहितेचा कणाच वाटला. म्हणजे ग्रंथाचे नाव एक सांगते आणि त्याची बहुसंख्य पाने दुसरेच काही करीत असतात.

‘विलाप’ हा शब्दही पुरेसा नाही. विलाप हवेत विरून जाऊ शकतो, त्याला ऐकणारा असावा लागत नाही. या रचनांना मराठीत नेमका शब्द आहे तो ‘गाऱ्हाणे’. कोकणात गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा त्यात ‘महाराजा’ असे थेट संबोधन असते, गावावरच्या संकटांचा उच्चार असतो, आणि जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणून प्रत्येक मागणीला दुजोरा देतात. गिरणगावातून आणि पुढे भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या वस्त्यांतून स्थिरावलेल्या कोकणी चाकरमान्यांना हा प्रकार सांगावा लागत नाही. गाऱ्हाणे घालणारा दुबळा असतो, पण याचक नसतो. समोरच्यावर काही जबाबदारी आहे, ती त्याने पाळलेली नाही, आणि हे त्याला चारचौघांत ऐकवता येते, असे गृहीत धरूनच तो बोलत असतो.

स्तोत्रकर्त्याचे गृहीतक नेमके हेच आहे. देव आणि इस्राएल यांच्यात करार आहे, आणि करार दोन्ही पक्षांना बांधतो. 13 व्या स्तोत्रात ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ती काकुळती नव्हे, मुदत टळून गेल्याची आठवण आहे. 44 वे स्तोत्र याहून धीट आहे. आम्ही तुला विसरलो नाही, करार मोडला नाही, तरीही तू आम्हाला शत्रूच्या हाती दिलेस, अशा आशयाची फिर्याद करून ते देवाला झोपेतून उठण्यास बजावते. येथे कबुली नाही, उलट तिचा स्पष्ट नकार आहे. पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांत या स्तोत्राला जागा नसणे स्वाभाविक आहे. मात्र साथीच्या, दुष्काळाच्या काळात त्याच सातांना पुढे करण्यात आले, हा केवळ विधीचा तपशील नाही. तक्रारीच्या जागी कबुली बसविली की देव निर्दोष राहतो आणि माणूस एकटा पडतो.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा बांद्र्यापासून उत्तरेकडे अनेक गावठाणांत क्रूस उभारण्यात आले. ते ‘प्लेगचे क्रूस’ म्हणून आजही ओळखले जातात. त्यांच्यापुढे संध्याकाळी जमून सामुदायिक याचना होत असे. या जमण्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. चर्चच्या आतला लॅटिन विधी धर्मगुरूचा होता, तर रस्त्याच्या वळणावरचा क्रूस गावाचा होता. गाऱ्हाण्याचा सामुदायिक आकृतिबंध तेथे काही अंशी सिद्ध झाला होता असे म्हणता येईल. फक्त त्याला स्तोत्रसंहितेतील गाऱ्हाण्याचे शब्द लाभलेले नव्हते. ते शब्द मिस्सेत लोकभाषेत यावयास 1963 च्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक ठराव व्हावा लागला. त्यानंतर प्रतिसाद-स्तोत्र मराठीत ऐकू येऊ लागले: वाचक एक कडवे म्हणतो, लोक ध्रुवपद परत देतात.

पण शब्द हाती येताच कात्रीही आली. 1971 च्या सुधारित प्रार्थनाग्रंथातून 58, 83 व 109 ही तीन स्तोत्रे पूर्णतः वगळण्यात आली, इतर काही स्तोत्रांतील शापवचनेही गाळण्यात आली. बाबेलच्या नद्यांकाठचे 137 वे स्तोत्र राहिले, परंतु शत्रूच्या तान्ह्या मुलांविषयीचा त्याचा भयानक शेवट गेला. हेतू समजण्यासारखा आहे. प्रार्थनेत सूड कोणाला हवा असेल? तरीही वगळण्याने एक गोष्ट दृष्टीआड होते. स्तोत्रकर्ता सूड घेत नाही, तो सुडाची इच्छा देवापुढे ठेवतो. मनात आहे ते बोलून दाखविणे आणि ते हाताने करणे यांतील अंतर हाच या काव्याचा नैतिक अवकाश आहे. तो अवकाश मिटविला की दुखावलेल्या माणसाने आधी सोज्वळ व्हावे आणि मगच बोलावे, अशी अट पडते. वॉल्टर ब्रुगमन यांनी 1986 च्या एका निबंधात विलाप हरवण्याची किंमत मांडली होती. तक्रार नाहीशी झाली की न्यायाचा प्रश्नच देव-मानव संबंधातून नाहीसा होतो, असा त्यांचा मुद्दा. ईयोबाच्या मित्रांनी वेगळे काय केले होते?

मराठी वाचकाला येथे संतकाव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. नामदेव विठ्ठलाशी भांडतो, जनाबाई त्याला शिव्या घालते, 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात सर्वस्व गमावलेला तुकाराम त्याच्यापुढे कधी कळवळतो तर कधी चिडतो. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे नारायण वामन टिळक म्हणत, त्यामागे हीच सलगी होती. साम्य खरे आहे, पण ते ताणू नये. संतांचा कलह बहुधा प्रेमकलह आहे. त्याची भाषा घरातली आहे, आई आणि रुसलेले लेकरू यांची. स्तोत्रकर्त्याचा कलह चावडीवरचा आहे. तेथे साक्षी, पुरावे आणि जुने व्यवहार काढले जातात. दोन्हींत आत्मीयता आहे, परंतु एकीत ती प्रेमाच्या हक्कातून येते आणि दुसरीत कराराच्या. मराठी ख्रिस्ती भक्तिगीताने पहिली वाट अधिक आपलीशी केली असे दिसते. त्यामुळे त्याला गोडवा लाभला. चावडीवरचा आवाज मात्र त्यात क्वचितच उमटला.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. देवापुढे गाऱ्हाणे घालणे म्हणजे माणसांपुढे घालावयाच्या गाऱ्हाण्याला वाट चुकवून देणे नव्हे काय? दलित साहित्याने मराठी समीक्षेला शिकविलेला हा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. दहाव्या स्तोत्रात गरिबाला टपून बसून गिळणारा दांडगा स्पष्ट दिसतो, 82 व्यात अन्यायी न्याय करणाऱ्यांची झाडाझडती आहे, हे सांगून आक्षेपाचे अर्धे उत्तर देता येते. उरलेले अर्धे उत्तर संहितेत नाही. ते वाचणाऱ्यांनी चावडीवर काय केले, यावर अवलंबून आहे.

आता आशेकडे. बहुतेक गाऱ्हाण्यांत एक वळण येते. 13 व्या स्तोत्रात चार वेळा ‘कोठवर’ विचारून झाल्यावर, काहीही घडल्याचे न सांगता, स्तोत्रकर्ता एकदम विश्वासाने गाऊ लागतो. 22 व्या स्तोत्रात हेच वळण अधिक विस्ताराने येते. दोन ओळींच्या मध्ये घडले काय? योआखिम बेग्रिख याने 1934 मध्ये असा तर्क मांडला की मधल्या जागेत मंदिरातील याजक देवाच्या वतीने आश्वासन देत असावा, आणि संहितेत ते उतरलेले नाही. तर्क आकर्षक आहे, पण तो काव्याची अडचण काव्याबाहेर सोडवितो. त्यापेक्षा ती जागा कोरीच ठेवणे उचित वाटते. त्या कोऱ्या जागेत कोणाची एक रात्र गेली असेल, कोणाची वर्षे. वाचणाऱ्याला आपला काळ त्यात ठेवता येतो, आणि वळण आपल्या आयुष्यात अजून आलेले नसले तरी पहिल्या ओळी आपल्या म्हणून वाचता येतात.

88 व्या स्तोत्रात मात्र वळण येतच नाही. आजारी, मरणाच्या उंबरठ्यावरचा हा माणूस रात्रंदिवस हाक मारतो, आप्तेष्ट दूर केले गेल्याची तक्रार करतो, आणि हिब्रूत रचनेचा शेवटचा शब्द ‘अंधार’ हा आहे. तरीही संकलकांनी हे स्तोत्र ठेवले. 2020 मध्ये मरोळला, जुने गाव ज्या साथीत उठले तिच्यानंतर 180 वर्षांनी, सेव्हन हिल्स रुग्णालयात करोनाचे रुग्ण दाखल होऊ लागले. नातलगांना आत जाता येत नव्हते. चर्चे बंद होती. अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा होती, म्हणजे प्रतिसाद-स्तोत्राला प्रतिसाद देणारा समुदायच उरला नव्हता. त्या काळात जगभर 91 वे स्तोत्र फोनवरून फिरत होते, कारण मरीपासून रक्षणाची हमी त्यात आहे. भोवती हजारो पडले तरी तुला काही होणार नाही, असा त्याचा आशय. ज्याच्या घरातले माणूस नुकतेच गेले त्याने ते कसे वाचावे? मत्तयाच्या शुभवर्तमानात याच स्तोत्राचा हवाला सैतान देतो, मंदिराच्या टोकावरून उडी मारण्याचा सल्ला देताना. विम्याच्या कागदासारखे स्तोत्र हाती धरले की काय होते, हे शुभवर्तमानकाराला ठाऊक असावे.

88 वे स्तोत्र हमी देत नाही. त्यात आशेचे एकही विधान नाही, परंतु संबोधन अखेरपर्यंत टिकते. अंधाराविषयीचे ते वाक्यही कोणाला तरी उद्देशून आहे. श्रद्धा म्हणजे उत्तराची खात्री असे मानले तर हे स्तोत्र अश्रद्ध ठरेल. ऐकणारा आहे असे धरून बोलत राहणे म्हणजे श्रद्धा असे मानले, तर स्तोत्रसंहितेत याहून श्रद्धावान रचना दाखविणे कठीण आहे. कोंडलेल्या रुग्णाला 91 व्यापेक्षा 88 वे अधिक जवळचे वाटले तर ते त्याच्या विश्वासाचे अपयश खचितच नव्हे.

पंडिता रमाबाईंनी अखेरची अनेक वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. कोवळ्या वयात, मद्रास इलाख्यातील दुष्काळात, त्यांनी काही महिन्यांच्या अंतराने आई-वडील आणि थोरली बहीण गमावली. पुढे 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या साध्या बायकांना कळेल अशा मराठीचा ध्यास घेतला. त्यांच्याभोवती रचल्या गेलेल्या चरित्रकथांत शेवटची मुद्रिते तपासून होताच त्यांनी शांतपणे देह ठेवला, असे चित्र रंगविले जाते. त्या चित्रात एक तारीख सहसा मागे राहते. मुलगी मनोरमा 24 जुलै 1921 रोजी गेली. रमाबाई गेल्या 5 एप्रिल 1922 रोजी. ती मुद्रिते वाचणाऱ्या आईच्या दुःखाला नऊ महिनेही झाले नव्हते. बायबल 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. भाषांतरकाराला गाळण्याची मुभा नसते. 44 वे, 88 वे, 109 वे आणि शेवटासह 137 वे, अशी सगळी स्तोत्रे त्यात आहेत.