जिवाणी

पाणी गाळून झालं की गाळणं तिथेच झटकायचं नाही, हे आपल्या घरात लहानपणीच शिकवलं जातं. गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव म्हणजे जिवाणी. ती ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत, ज्या नदीचं असेल त्याच नदीत अलगद सोडायची. दुसऱ्या पाण्यात सोडली तरी ते जीव मरतात. नळ आले, फिल्टर आले, आणि ही रीत बऱ्याच घरांतून गेली. पण भैरवगढला क्षिप्रेच्या काठावरचा कचरा काढायचं आमच्या महिला मंडळात ठरलं, तेव्हा वाद सुरू झाला तो जिवाणीवरूनच.

एक काकू म्हणाल्या, "अगं, त्या गाळात किती जीव असतील! ते उपसायचं म्हणजे पुण्य की पाप, हे आधी सांगा मला."

बाहेरच्या माणसाला ही फाजील चिकित्सा वाटेल. मला नाही वाटली. आपल्याकडे पाणी हेच मुळी जीव, अप्काय. त्यात हालणारे त्रसजीव वेगळे. वर्षभर पाण्यात पडलेल्या पिशवीला शेवाळ धरतं, गोगलगायी चिकटतात, अळ्या होतात. ती ओढून उन्हात टाकली की सगळा संसार तासाभरात वाळतो. काकूंचं म्हणणं खोटं नाही.

पण हिंसा म्हणजे काय हे सांगताना उमास्वातींनी नुसता प्राणघात म्हटलेलं नाही. प्रमादाची, बेसावधपणाची अट आधी घातली आहे. आणि समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचा विचार केला आहे. अनर्थदंड म्हणजे कारणावाचून केलेलं पाप. उगाच माती खणणं, पाणी ढवळणं, विस्तव पेटवणं, पाला तोडणं, हे सगळं त्यात येतं. चूल पेटवतानाही जीव जातात, पण घरच्यांच्या पोटात अन्न तरी पडतं. नदीत भिरकावलेल्या गुटख्याच्या पुडीनं कुणाचं पोट भरतं? अनर्थदंडाचं याहून चोख उदाहरण मला तरी सुचत नाही. न उचललेली पिशवी काय करते, तेही पाहायला हवं. ती गाईच्या पोटात जाते, नाल्याचं तोंड बुजवते, पुढच्या पावसात खालच्या गावाला पोचते. कचरा तसाच राहू देणं म्हणजे त्याला अनुमोदन देणं, असं मी म्हणणार नाही. ते ओढून ताणून होईल. मात्र काढताना होणारी हिंसा आणि राहू देताना होणारी हिंसा एकाच तराजूत ठेवून बघायला हवी. आपण बहुतेक वेळा पहिलीच ठेवतो, कारण तिथे हात आपला असतो.

भैरवगढ म्हणजे उज्जैनचं उत्तरेचं टोक. त्रिवेणी, रामघाट, मंगळनाथ करत क्षिप्रा इथे येते तेव्हा अख्खं शहर तिनं पाहिलेलं असतं. सिद्धवटापाशी लोक पिंडदान करतात, वडाच्या मुळाशी दूध ओततात. दुधाची पिशवी, फुलांची परडी, जुने कपडे मागे राहतात. जवळच काळभैरव, त्याला मद्याचा नैवेद्य, म्हणून बाटल्या. छापाकाम आणि बाटिक करणारे कारागीर याच वस्तीतले, पण त्यांच्या रंगाकडे बोट दाखवण्याआधी त्रिवेणीपाशी मिळणारी कान्ह नदी बघावी. अख्ख्या इंदूरचं सांडपाणी ती आणते. 2014 साली नर्मदेचं पाणी क्षिप्रेत आणलं, तरी कान्हेचं पाणी यायचं थांबलं नाही. मग 2016 च्या सिंहस्थाआधी पाइपलाइन टाकून ते स्नानाच्या घाटांना वळसा घालून पुढे कालियादेहपाशी सोडायची सोय केली. यात्रेकरूंना बरं झालं. कालियादेहच्या खाली राहणाऱ्या बायकांचं काय, त्याही नदीवर येतातच ना? घर झाडून केर शेजारणीच्या दारात लोटावा, तसंच हे.

म्हणून आमच्या कामातही खरा प्रश्न उचलण्याचा नव्हता, टाकण्याचा होता. मुनींच्या पाच समित्यांमधली शेवटची, प्रतिष्ठापना समिती, टाकण्याबद्दलच आहे. देहाचा मळसुद्धा जमीन न्याहाळून, निर्जीव जागा बघून सोडायचा. किती मोठी गोष्ट आहे ही! कसं घ्यावं, कसं खावं हे सगळेच धर्म सांगतात. कुठे टाकावं याला व्रताचा मान आपल्याकडे आहे, आणि आपणच ते मुनींचं म्हणून बाजूला ठेवलं.

त्यातून काही गोष्टी ठरल्या. चातुर्मासात उतरायचं नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर, पहाटे, ऊन चढायच्या आत काम आटपायचं. ओली पिशवी काठावर न्यायची नाही. पाण्यातच उलटी करून खंगाळायची, म्हणजे आतले जीव त्याच पाण्यात राहतील. ही जिवाणीच की. घाटावर काही जाळायचं नाही. जलपर्णी ही वनस्पती आहे, कचरा नव्हे, तिच्यावर आम्ही हात चालवायचा नाही. कचऱ्याच्या गाडीची वेळ आधी ठरल्याशिवाय एकही पोतं भरायचं नाही. दारूच्या बाटलीला हात लावला तर विटाळ होतो का, असंही कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, हात धुता येतात. फुटलेल्या काचेनं गाईचा पाय कापतो, तो धुऊन बरा होत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात टोचते. हेच काम सफाई कामगार बायका रोज करतात, हातमोज्यांवाचून, आणि त्याला कुणी सेवा म्हणत नाही. आम्ही एक सकाळ वाकलो की लगेच फोटो. फोटो काढायचे नाहीत, हे मी फार जोर लावून मंजूर करून घेतलं. त्या बायकांना चहाला बोलवायचं ठरत होतं, तेव्हा मी म्हटलं, चहा देऊच, पण आधी विचारू की कचरा कुठे अडकतो, पोती किती भरावीत. त्यांना ठाऊक आहे, आपल्याला नाही.

मग विषय आपल्या घरी आला. पर्युषणानंतरच्या वरघोड्यात पाण्याचे पाऊच वाटले जातात, आणि ज्या रस्त्याने भगवंतांची पालखी गेली तोच रस्ता मागे प्लॅस्टिकनं भरतो. ते पाऊच नाल्यात, नाल्यातून क्षिप्रेत. "पाणी पाजणं हे पुण्य आहे," एकजण म्हणाली. आहेच. पिंप आणि पेले ठेवले तर ते कमी होतं का? पेले कोण धुणार, यावर बराच वेळ बोलणं झालं. दोघी तयार झाल्या, बाकीच्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.