सोयाबीन सोंगतात, कापूस वेचतात

वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही पाचवीतल्या पोराला विचारा. सोयाबीन सोंगतात, कापूस वेचतात, तण निंदतात, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ‘कापूस सोंगला’ म्हटलं तर ते हसेल. तेच पोर इंग्रजीच्या तासाला ‘से’, ‘टेल’ आणि ‘स्पीक’पाशी अडतं, कारण वहीत तिन्हींपुढे ‘बोलणे, सांगणे’ एवढंच लिहिलेलं असतं. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. अर्थांची ही यादी मात्र सुटलेली नाही.

वास्तविक हा फरक मराठीत आहेच. आपण निरोप सांगतो, ‘येतो’ म्हणतो आणि वऱ्हाडी बोलतो. ‘टेल’, ‘से’, ‘स्पीक’ यांची कामं जवळपास अशीच वाटलेली आहेत. पाहण्या-ऐकण्याचंही तसंच. रात्री जागलीवर बसलेल्या माणसाला तुरीत काहीतरी खसफसलेलं ऐकू येतं, ते ‘हिअर’. मग तो श्वास रोखून कान देऊन ऐकतो, ते ‘लिसन’. बॅटरी मारून तिकडे पाहतो, ते ‘लुक’. रोही (नीलगाय) दिसतो, ते ‘सी’. तो धुऱ्यापलीकडे जाईपर्यंत नजर ठेवतो, ते ‘वॉच’. पाचही क्रियापदं एका धुऱ्यावर भेटतात, आणि मुलांनी ती रात्र घरी ऐकलेली असते.

मराठी सगळीकडे हात देत नाही, हेही सांगायला हवं. ‘तो मला म्हणाला’ यावरून मूल ‘ही सेड मी’ लिहितं. आपल्याकडे ‘मला’ सांगण्यालाही चालतो आणि म्हणण्यालाही. इंग्रजीत ‘टेल’पुढे माणूस थेट येतो, ‘से’ला मध्ये ‘टू’ लागतो. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ची गत वेगळी. आपण उसनं घेतो, उसनं देतो. ‘उसनं’ तेच राहतं, दिशा घेण्या-देण्यातून कळते. इंग्रजीत त्यासाठी दोन निराळे शब्द. अशा ठिकाणी अख्खी वाक्यंच तोंडात बसवावी लागतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या वाक्यं करूनच शिकल्या.

मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवरची मुलं घरी गोरमाटी, गावात वऱ्हाडी आणि पुस्तकात प्रमाण मराठी अशी ये-जा रोज करतात. क्रियापदांचे बारकावे पकडायला त्यांचे कान तयार असतात. त्यांची बोली अशुद्ध ठरवून आपणच ती तयारी वाया घालवतो. म्हणून शिक्षकांना विनंती आहे: फळ्यावर अर्थ लिहिण्याआधी मुलांकडून शेतातली, घरातली चार वाक्यं त्यांच्याच बोलीत म्हणवून घ्या आणि इंग्रजी क्रियापद त्या वाक्यांशेजारी लिहा.