कोरडा सिद्धांत म्हणे!

बस. आणि तोंड पाडू नकोस. मला तुझी दया येत नाहीये, राग येतोय.

मंडळीतल्या त्या अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे गेलास. त्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, माझा विश्वास पुरेल ना?" आणि तू म्हणालास, "मनात शांती वाटते का बघा. अजून प्रार्थना करा." शाबास! मरणाच्या दारातल्या बाईला स्वतःचं मन उकरायला लावलंस. तिथे काय सापडणार होतं? भीती. जावेशी केलेलं जुनं भांडण. तू घरी येऊन जेवलास आणि झोपलास. त्या झोपल्या असतील का?

वर सबबी तयार. वेळ नव्हता. प्रभुभोजनाची पेटी गाडीतच राहिली. लोकांना सिद्धांत नको, प्रेमाचे दोन शब्द हवेत. अरे, आळसाला प्रेमाचं नाव कधीपासून दिलंस?

लहान प्रश्नोत्तरी तुला तोंडपाठ आहे. ल्यूथरने ती १५२९ साली का काढली, हेही माहीत आहे. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या पाहिल्या, तर लोकांनाच काय, कित्येक पाळकांनाही काही येत नव्हतं. त्यांना निदान येत नव्हतं. तुझं काय?

बाप्तिस्मा, क्षमेचा उच्चार, प्रभुभोजन. तिन्ही बाहेरून येतात. मन थाऱ्यावर असो वा नसो, कानावर पडतात, जिभेवर ठेवले जातात. म्हणून तर धीर देतात! हे ल्यूथरला पुस्तकातून कळलं नव्हतं. स्वतःचं मन तपासता तपासता तो मठात वेडा व्हायची वेळ आली होती. मार्च १५२२ मध्ये विटेनबर्गच्या व्यासपीठावरून त्याने बजावलं, की खासगी पापांगीकार मी कुणाला हिरावू देणार नाही. तो नसता तर सैतानाने मला केव्हाच संपवलं असतं. पुढे १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीतही तो राखला गेला. आणि तू? क्षमा जाहीर करायचा अधिकार खिशात घालून हवापाण्याच्या गप्पा मारून आलास.

सिद्धांत कोरडा, नाही का? मग फिलिप निकोलाई आठव. प्रभुभोजनाच्या प्रश्नावर कॅल्व्हिनपंथीयांशी त्याच्याइतका कडवट भांडणारा पाळक शोधून सापडायचा नाही. भाषा तर अशी, की मीही वर्गात वाचून दाखवणार नाही. १५९७ साली त्याच्या उन्ना गावात प्लेग शिरला. हजाराहून जास्त माणसं गेली. दफनभूमी त्याच्या घरासमोरच. त्या दिवसांत या भांडकुदळ माणसाने काय लिहिलं? सार्वकालिक जीवनाच्या आनंदावर पुस्तक. १५९९ साली छापलेल्या त्या पुस्तकातली दोन गीतं अजून जगभर गातात. ख्रिस्त भाकरीत स्वतःला खरोखर देतो, यावर जो हटून बसला होता, त्याच्याकडेच प्रेतांच्या रांगेसमोर बोलायला काही होतं. तुझ्याकडे काय होतं? हवापाण्याच्या गप्पा.

तू मठ्ठ असतास तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. तुला येतं, म्हणून चीड येते.

ऊठ आता. उद्या नाही, आत्ता. पेटी घे. आजींना शांती वाटते का, हे विचारायचं नाही. पाप कबूल करता का, असं विचारायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि क्षमा झाली म्हणून सांगायचं. "बहुतेक" नाही, "देवाची इच्छा असेल तर" नाही. झाली. मग भाकर आणि द्राक्षारस दे. त्यांनी पुन्हा विश्वासाचं विचारलं, तर बाप्तिस्म्याचं नाव घे. परीक्षेत याच प्रश्नावर तीन पानं लिहिली होतीस. मीच तपासली होती.