आधी धुवा, मग चमकवा

जुन्या सायकलचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग घरी घासून आरशासारखे करायचा छंद चांगला आहे, खर्चही फार नाही. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. एवढ्या अंतराला सायकल पुरते, त्यामुळे जिन्याखाली धूळ खात उभी असलेली एखादी गिअरची सायकल इथे बऱ्याच घरांत सापडेल. चुंबक लावून बघावं. जिथे चिकटत नाही ते बहुधा अ‍ॅल्युमिनियम: क्रँक, स्टेम, ब्रेकचे लिव्हर, कधी रिमसुद्धा. निकेल उडालेलं लोखंडी हँडल मात्र कितीही घासलं तरी पूर्वीसारखं होत नाही, कारण त्याची चमक वरून चढवलेली असते. अ‍ॅल्युमिनियमची चमक त्याच्या अंगचीच.

ती मंदावते कशी? हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, आणि तोच त्याला वाचवतो. पावसाळी दमट हवेत त्यावर पांढुरकी भुकटी येते. सोड्याने घासलेलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचंच, पातेलं काळं पडतं आणि चिंचेने उजळतं, हे घरातल्या बायकांना शिकवावं लागत नाही. सायकलच्या भागांना वॉटर पेपर लागतो. आधी ४०० नंबरचा, मग ८००, १२००, शेवटी २०००, पाणी लावत लावत. त्यानंतर ब्रासो आणि सुती फडकं. फडकं काळं होतं. तो काळिमा नुसत्या मळाचा नसतो, त्यात झिजलेला धातूही असतो. म्हणजे दर चकाकीला सायकल थोडी कमी होते. काही भागांवर कारखान्यात अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर दिलेला असतो. तो काढायला कोणी कॉस्टिक सोडा सुचवतात. घरात, लेकराबाळांत, ते करू नये.

इथवर कारागिरी झाली. पुढची गोष्ट सचोटीची आहे.

अ‍ॅल्युमिनियम मऊ. घासताना वरचा धातू किंचित सरकतो आणि बारीक चिरेच्या तोंडावर बसतो. चीर बुजत नाही, दिसेनाशी होते. क्रँकला चीर जाते ती पायडलच्या छिद्राजवळ किंवा सांध्याच्या कोपऱ्यात, आणि तुटते ती नेमकी जोर दिल्यावर, म्हणजे चढावर किंवा भर रस्त्यात ट्रकच्या पुढे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी रॉकेल किंवा साबणाने वंगण काढायचं, कोरडं करायचं, उन्हात नेऊन बोट फिरवत बघायचं. पेपर हातात घ्यायचा तो त्यानंतर.

हा क्रम सायकलपुरताच नाही. पवनारहून विनोबा भावे १९४६ साली खांद्यावर फावडं टाकून रोज सुरगावला जाऊ लागले, गावातला मैला उचलायला. रंगरंगोटी करून त्यांना गाव देखणं करता आलं असतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आपल्या कचेऱ्यांत चुना मारतात तसं! सफाईने घाण कुठे आहे ते कळतं. चुन्याने ती कुठे होती तेही विसरायला होतं. आपल्या सार्वजनिक जीवनात आज दुसरी गोष्ट फार आणि पहिली थोडी, असं मला वाटतं.

सायकलवर जपण्याची आणखी एक जागा आहे, रिमची कड, जिथे ब्रेकचं रबर घासतं. हौशी माणूस तिथेही पॉलिश लावतो, कारण चाक फिरताना तीच कड सर्वांत आधी डोळ्यांत भरते. पॉलिशचा तेलकट अंश तिथे राहिला की ब्रेक नीट लागत नाही. धरणं हे त्या कडेचं काम आहे, तिला देखणं व्हायची गरज नाही.

जुनी सायकल घासून-पुसून विकणारे वाढलेत. त्यात गैर काही नाही. मेहनतीचे चार पैसे मिळावेतच. पण घेणारा बहुतेक वेळा शाळकरी पोर किंवा त्याचा बाप असतो आणि तो चमक बघून भाव देतो. त्याला सायकल द्यायच्या आधी क्रँकमध्ये चीर दिसली, तर ती क्रँक भंगारवाल्याला किलोवर द्या, आणि तीही हातोडीने वाकवून, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या पायाखाली जाणार नाही.