श्रद्धा सोडलेल्यांची प्रार्थना

2018 च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या अंडरओथ या मेटलकोर बँडचा ‘इरेज मी’ हा अल्बम आला. आम्ही आता ख्रिस्ती बँड नाही, हे त्या सुमारास या मंडळींनी स्वच्छ शब्दांत सांगून टाकले होते. ज्यांच्या मैफलींना चर्चमधली तरुण मुले जथ्याने जात, ज्यांच्या गाण्यांत येशूला नाव घेऊन हाक मारलेली असे, त्यांच्याच नव्या अल्बममध्ये आता शिवीही ऐकू आली. शिवीवरून वाद झाला आणि विरला. मागे जो प्रश्न राहिला तो मात्र धर्मविचारातला फार जुना आणि अवघड प्रश्न आहे. एखाद्याने मनापासून प्रार्थना केली आणि पुढे त्याची श्रद्धाच उरली नाही, तर ती आधीची प्रार्थना खोटी ठरते का? हजारो लोकांनी तिच्याबरोबर आपला आवाज मिसळला असेल, तर त्यांचेही काही खोटे पडते का? माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र या ‘नाही’ला भक्कम आधार हवा, कारण विरुद्ध बाजूचे म्हणणे कमकुवत नाही.

आधी ती प्रार्थना कशी होती ते पाहावे लागेल, कारण ती शब्दांत जितकी होती तितकीच आवाजात होती. अंडरओथची सुरुवात 1997 मध्ये ओकाला या गावी झाली. ‘ॲक्ट ऑफ डिप्रेशन’ (1999) आणि ‘क्राइज ऑफ द पास्ट’ (2000) हे पहिले दोन अल्बम खरखरीत आणि काळोखे आहेत. दुसऱ्यात तर जेमतेम पाच गाणी, पण ती लांबच लांब. 2002 च्या ‘द चेंजिंग ऑफ टाइम्स’मध्ये कीबोर्डला जागा मिळाली, चाली मोकळ्या झाल्या. 2003 मध्ये ऐन दौऱ्यात गायक डॅलस टेलर बाहेर पडला, त्याच्या जागी स्पेन्सर चेंबरलेन आला आणि 2004 च्या ‘दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी’मध्ये बँडला आपला खरा साचा सापडला. चेंबरलेन किंचाळणार आणि ड्रम वाजवता वाजवता ॲरन गिलेस्पी स्वच्छ, उंच स्वरात गाणार. एका आवाजात छाती फुटल्यासारखा आक्रोश, दुसऱ्यात त्याच आक्रोशाला मिळालेला सूर. दोन आवाजांची ही योजना इतर मेटलकोर बँडही करत होते. अंडरओथने तिला दिलेले काम वेगळे होते. त्यांच्याकडे किंचाळणारा आवाज कबुली देतो आणि गाणारा आवाज याचना करतो. 2006 च्या ‘डिफाइन द ग्रेट लाइन’मध्ये त्यांनी यशाची सोपी वाट सोडून दिली. गिटार जड आणि मंद झाल्या, गोड धृपदे मागे सरली, गाणी वाटेत मोडू लागली. त्यातल्या एका गाण्याला त्यांनी आइसलँडिक भाषेत ‘स्तोत्रे’ असे नाव दिले आहे. ते नाव मला उगाच दिलेले वाटत नाही. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश विलापाची आहेत, आणि 88 वे स्तोत्र तर शेवटपर्यंत दिलाशाचा एक शब्दही न देता अंधारातच संपते. विठ्ठलाशी भांडणाऱ्या तुकोबांना ओळखणाऱ्या मराठी वाचकाला, देवाला ओरडून जाब विचारणे हाही प्रार्थनेचाच प्रकार आहे, हे वेगळे पटवून द्यायला नको. असल्या कर्कश संगीतात भक्ती कसली, या आक्षेपाचा विचार म्हणूनच मी इथे थांबवतो. ज्या धर्मग्रंथाने विलापाला इतकी जागा दिली, त्या ग्रंथाच्या अनुयायांना हा आक्षेप घेता येत नाही.

‘डिफाइन द ग्रेट लाइन’च्या पहिल्या आठवड्यात सुमारे 98,000 प्रती खपल्या आणि तो बिलबोर्डच्या मुख्य यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर उतरला. इतक्या कर्कश संगीताला हे यश अनपेक्षित होते, पण त्यामागे एक व्यवस्था उभी होती. 1993 मध्ये सुरू झालेली टूथ अँड नेल ही कंपनी आणि तिचीच जड संगीतासाठी काढलेली सॉलिड स्टेट ही शाखा, इलिनॉयमध्ये दरवर्षी भरणारा कॉर्नरस्टोन महोत्सव, अल्बम विकणारी ख्रिस्ती पुस्तकांची दुकाने. या व्यवस्थेने पोरांना स्वतःचे संगीत दिले, आणि त्याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे. पण तिने आणखी एक गोष्ट केली. गाण्यावर श्रद्धेचा शिक्का मारला, आणि तो शिक्का गायकाच्या जगण्याची हमी म्हणून विकला गेला. अल्बम घेणाऱ्या आईबापांना वाटे की हा मुलगा व्यसन करत नाही, शंका घेत नाही, ढळणार नाही. विशीतल्या पोरांकडून अशी हमी घेणे हाच मूळ अन्याय होता, असे मी म्हणेन. त्याच वर्षांत चेंबरलेन अमली पदार्थांच्या विळख्यात होता. हे त्याने स्वतः पुढे उघडपणे सांगितले आहे.

आता तत्त्वाकडे. ॲरिस्टॉटलने भाषेवरच्या आपल्या छोट्या ग्रंथात, विधानांची चर्चा सुरू करतानाच, प्रार्थनेला बाजूला काढले आहे. प्रार्थना हे वाक्य आहे, पण ते खरेही नसते आणि खोटेही नसते, असे तो म्हणतो. वाक्यांच्या वर्गीकरणापुरते केलेले हे निरीक्षण आपल्या प्रश्नाची अर्धी गाठ सोडवते. ‘देव आहे’ हे विधान आहे. ते करणाऱ्याचे मत बदलले तर त्याचे पूर्वीचे विधान आजच्या त्याच्या दृष्टीने चूक ठरते. ‘मला सोडू नकोस’ ही हाक आहे. ती मारली त्या क्षणी मनापासून होती की नव्हती, एवढेच तिच्याबद्दल विचारता येते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणीच ठरून गेलेले असते. दहा वर्षांनी बदललेले मत त्या क्षणात शिरून काही बदलू शकत नाही. यावर कोणी म्हणेल की हाक मारण्यात समोर कोणीतरी आहे हे गृहीत असतेच, आणि ते गृहीत गेले की हाक पोकळ होते. ते गृहीत असते हे मला मान्य आहे. पण ते गृहीत खरे की खोटे हे गायकाच्या मनावर अवलंबून नाही. देव असेल तर चेंबरलेनने मानायचे थांबवले म्हणून नाहीसा होत नाही, आणि नसेल तर त्याच्या जुन्या उत्कट श्रद्धेनेही निर्माण झाला नव्हता. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्याच्या श्रद्धात्यागाने जुन्या हाकेची किंमत घटत नाही.

चर्चने हा प्रश्न सोळा-सतरा शतकांपूर्वी उत्तर आफ्रिकेत याहून कितीतरी गंभीर रूपात सोडवला आहे. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशनच्या आज्ञेने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा काही धर्मगुरूंनी जिवाच्या भीतीने धर्मग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. छळ संपल्यावर डोनेटस याच्या अनुयायांनी ठाम भूमिका घेतली की अशा पतित धर्मगुरूंनी दिलेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. ज्यांनी यातना सोसल्या त्यांना भित्र्यांच्या हातचे संस्कार कसे चालावेत? 314 मध्ये आर्ल येथील धर्मसभेने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला, पण वाद शंभर वर्षे धुमसत राहिला. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला निर्णायक उत्तर दिले. संस्कार देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. देणारा अपात्र असला तर तोटा त्याचा, घेणाऱ्याचा नव्हे. याच ऑगस्टीनने पुढे या पंथाविरुद्ध राजसत्तेचा बडगा वापरण्याला संमती दिली, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण मूळ युक्तिवाद भक्कम आहे, आणि त्यात माणसांविषयी करुणाही आहे. कारण डोनेटसवाद्यांचे मानले तर कोणाही भाविकाला कधीच निश्चिंत होता येणार नाही. ज्याने माझा बाप्तिस्मा केला त्याच्या मनात काय होते, ते पुढे टिकले का, हे शोधत आयुष्य जाईल. ‘इरेज मी’नंतर आपले जुने अल्बम अपवित्र झाले असे मानणारा चाहता नकळत डोनेटसच्या बाजूला जाऊन बसलेला असतो.

इथे एक आक्षेप बळकट आहे. बाप्तिस्म्यामागे, ख्रिस्ती समजुतीप्रमाणे, देवाचे वचन असते, म्हणून देणाऱ्याच्या दोषाने तो बाद होत नाही. गाण्यामागे असे वचन नाही. तिथे गायकाच्या प्रामाणिकपणाशिवाय काय असते? मग गाण्यापुरता तरी डोनेटस बरोबरच नाही का? याचे उत्तर एका इंग्रज कवीच्या आयुष्यात आहे. विल्यम काऊपर याने ओल्नी या गावी जॉन न्यूटनबरोबर लिहिलेली स्तोत्रे 1779 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधीच, 1773 मध्ये, त्याचे मन पार कोलमडले होते आणि देवाने आपल्याला कायमचे नाकारले आहे अशी त्याची खात्री झाली होती. पुढे 1800 मध्ये मरेपर्यंत ती सुटली नाही, चर्चमधल्या उपासनेला तो गेला नाही. त्याची स्तोत्रे मात्र दोन शतकांहून अधिक काळ प्रार्थनासभांतून गायली जात आहेत, आणि लिहिणारा स्वतः निराशेत मेला म्हणून ती वगळावीत असे कोणाला वाटले नाही. काऊपरने देव नाकारला नव्हता, देवाने आपल्याला नाकारले असे त्याला वाटत होते, हा फरक मी झाकत नाही. तरी आपला मुद्दा त्याने बदलत नाही. लिहिणाऱ्याचा आधार तुटल्यावरही गाणाऱ्यांना तो मिळत राहिला, तेव्हा तो लिहिणाऱ्याच्या मनातून येत नव्हता हे उघड आहे. स्तोत्र ज्याच्या तोंडी असते त्याची ती प्रार्थना असते. अंडरओथच्या मैफलीत समोरचा समुदाय शब्दन् शब्द ओरडून म्हणत असे. त्या क्षणी तिथे एक प्रार्थना नव्हती, जितकी तोंडे तितक्या होत्या, आणि त्यांतली एक पुढे थांबली.

याहून अवघड प्रश्न विश्वासाचा आहे. चाहता म्हणेल, मी नुसती प्रार्थना ऐकली नाही, एका माणसाची साक्ष ऐकली. त्याने सांगितले की देवाने मला सावरले, आणि त्यावर मी माझी श्रद्धा उभी केली. मग ही फसवणूक नाही का? साक्ष आणि प्रार्थना वेगळ्या आहेत, आणि साक्षीला खरेखोटेपण असते, हे मला मान्य करावेच लागते. पण फसवणूक म्हणजे काय हे नीट पाहायचे तर शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे लागेल. सॅन दिएगोच्या ॲज आय ले डाइंग या बँडचा गायक टिम लँबेसिस याने पत्नीच्या हत्येची सुपारी देण्याचा प्रयत्न केल्याचा गुन्हा 2014 मध्ये कबूल केला आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी एका मुलाखतीत त्याने सांगितले की आपली श्रद्धा आधीच गेली होती, तरी ख्रिस्ती श्रोत्यांपुढे तसे उघड केले नव्हते. श्रद्धा नाही हे माहीत असताना ती आहे असे भासू देऊन अल्बम विकणे ही फसवणूक आहे, आणि तिथे चाहत्याचा राग न्याय्य आहे. श्रद्धा असताना तसे सांगणे आणि ती गेल्यावर तेही सांगणे, यात फसवणूक नाही. अंडरओथच्या बाबतीत खरा कसोटीचा काळ मधला आहे. 2010 मध्ये गिलेस्पी गेला, म्हणजे पहिल्या अल्बमवरचा उरलेला शेवटचा माणूसही गेला, आणि 2013 च्या जानेवारीतल्या निरोपाच्या दौऱ्यानंतर बँड विसर्जित झाला. त्या शेवटच्या वर्षांत मनात शंका आणि पोस्टरवर शिक्का अशी स्थिती असणार, आणि तिला मी निर्दोष म्हणणार नाही. मात्र तो दोष शंकेचा नव्हता. शंका बोलून दाखवायला जागाच न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा त्यात मोठा वाटा होता.

शेवटचा आक्षेप 2016 च्या पुनर्मीलनाच्या दौऱ्याबद्दल आहे. गिलेस्पी परतला होता, आणि 2004 व 2006 चे दोन्ही अल्बम रंगमंचावर पूर्ण वाजवले गेले. विश्वास उरलेला नसताना येशूला मारलेली हाक पुन्हा, तीही तिकीट लावून, गाणे हे ढोंग नाही का? ढोंगाला लपवाछपवी लागते, आणि इथे बँडमधल्यांच्या श्रद्धा पूर्वीसारख्या नाहीत हे लपून राहिलेले नव्हते. शिवाय त्या गाण्यांतला आक्रोश, आपण अपुरे आहोत ही कबुली, कोणीतरी ऐकावे ही तहान, हे सारे त्यांचे स्वतःचे जगणे होते. श्रद्धा गेल्यावर माणसाने आपले आयुष्यही चर्चच्या दारात ठेवून जावे, अशी अपेक्षा क्रूर आहे. ती भाषा त्यांना सोडूनही गेली नाही. 2022 च्या ‘व्हॉयरिस्ट’मध्ये एका गाण्याचे नाव ‘हालेलुया’ आहे आणि त्यात समूहगानासारखे एकत्र आवाज आहेत. संगीत म्हणून ‘इरेज मी’ मला त्यांच्या थोर अल्बमांत बसवता येत नाही. त्याच्या चाली गुळगुळीत आहेत आणि जुन्या गाण्यांतला धोका त्यात क्वचितच जाणवतो. पण या उणिवेचे कारण श्रद्धात्यागात शोधणाऱ्यांनी ‘व्हॉयरिस्ट’ ऐकावा. श्रद्धा तेव्हाही परतलेली नव्हती, आणि तो जडपणा, तो कळवळा परतलेला आहे.

म्हणून ज्यांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ ऐकत देवाशी पहिल्यांदा खरे बोलण्याचे धाडस केले, आणि 2018 नंतर तो अल्बम लाजेने बाजूला ठेवला, त्यांना माझी विनंती आहे की तो पुन्हा लावावा. तेव्हा केलेली प्रार्थना तुमची होती. तिला स्पेन्सर चेंबरलेनच्या श्रद्धेची गरज नव्हती, आणि आज त्याच्या अश्रद्धेमुळे ती मागे घेण्याचेही काही कारण नाही.