घर कोणाचे, सेवा कोणाची?



पैठणच्या कूर्मदासांची कथा वारकऱ्याला नवी नाही. हात नाहीत, पाय नाहीत. तरी पंढरीच्या ओढीने पोटावर सरकत निघाले. लऊळपर्यंत आले आणि देह थकला. तेव्हा त्यांनी देवाला निरोप धाडला, आणि पांडुरंग स्वतः लऊळला आले. माढा तालुक्यातील त्या गावी आजही कूर्मदासांचे मंदिर आहे.

श्रोत्यांचे डोळे भरतात ते कूर्मदासांच्या सरकण्याने. ते योग्यच. परंतु कथेचा सिद्धान्त उत्तरार्धात आहे. ज्याला चालता येते त्याने, चालता न येणाऱ्याकडे जावे. 'अजून थोडे सरका' असे देव म्हणाला नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. आमच्या जिंतूर भागात जुन्या घराचे जोते उंच, दाराला जाड उंबरा, न्हाणी मागच्या अंगणात. नव्या घरांत पायऱ्या तशाच राहिल्या आणि न्हाणीचे दार मात्र अरुंद झाले. ज्याचा देह मानेखाली किंवा कमरेखाली लुळा पडला, त्याला असे घर म्हणजे कोंडवाडा. घरची माणसे मायेची असतात. पण उचलून नेल्याशिवाय त्याला ओसरीवरही येता येत नाही. उणेपणा मायेत नाही, बांधणीत आहे.

बांधणी बदलणे फार अवघड नाही. एक फूट उंचीच्या जोत्याला बारा फूट लांबीचा उतार लागतो. दार तीन फुटांचे हवे. चाकाची खुर्ची वळवायला पाच फूट मोकळी जागा हवी. न्हाणीत दोन माणसे मावावीत, कारण आंघोळ घालणाराही आत असतो. रात्री हाकेच्या अंतरावर सेवेकऱ्याला अंथरूण टाकता यावे.

कोणी शंका घेईल, 'एकट्यासाठी एवढा खटाटोप कशाला? संस्थेत ठेवावे, तेथे सेवा नीट होते.' संस्थांचे काम खरोखर थोर आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तरुणपणीच चाकाची खुर्ची आली. त्यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. तिच्या वसतिगृहाचे नाव 'घरौंदा'. नावातच घर आहे, हे ध्यानात घ्यावे. परंतु संस्थेत जावे की आपल्या गल्लीत राहावे, हे ठरवायचे कोणी? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ५ सांगते की, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती दिव्यांगावर होऊ नये यासाठी शासनाने प्रयत्न करावा. समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. घरे वाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षणही त्याच कायद्याने दिले आहे.

दुसरी शंका अधिक खोल आहे. ज्याचा घासदेखील दुसऱ्याच्या हातून, तो घरधनी कसा?

याचे उत्तर पुंडलिकाच्या दारात आहे. मायबापांची सेवा चालली असता देव आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही, वीट भिरकावली. परब्रह्म त्या विटेवर उभे राहिले, आत शिरले नाही. मायबाप थकलेले होते, लेकाच्या हातांवर अवलंबून होते. तरी त्या घरात मोठेपणा त्यांचाच राहिला. जेथे सेवा चालते तेथे बोलावल्याशिवाय जाऊ नये, ही मर्यादा देवानेही पाळली. मग आपण दार न वाजवता त्याच्या खोलीत का शिरावे?

देह परस्वाधीन झाला म्हणून जीव परस्वाधीन होत नाही. हात दुसऱ्याचा असला तरी इच्छा आपली असते. केव्हा उठावे, काय खावे, भजनाला जावे की दार लावून निवांत पडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. सेवेकऱ्याने हात द्यावेत, हुकूम चालवू नये. हुकूम चालवणारी सेवा कितीही कष्टाची असो, तिच्यात अहंकाराचा वाटा असतोच.

आणि परस्वाधीन कोण नाही? जन्मलो तेव्हा दुसऱ्याच्या हातात होतो. जाताना चार खांद्यांवर जाणार. मधली काही वर्षे पाय चालतात, एवढाच फरक.

म्हणून ज्यांच्या घरी किंवा गावच्या मंदिरात यंदा बांधकाम निघेल, त्यांनी गवंड्याला आधीच सांगावे: पायऱ्यांशेजारी एक उतार धरा, दार रुंद ठेवा. कूर्मदास कोणाच्या घरी कोणत्या वर्षी येतील, सांगता येत नाही. कदाचित ते आपल्याच देहाने येतील.